वेगळा टॉवेल

मला नळाखाली उभं केलं. बारा मुलांतून एकटीला. सिस्टरच्या हातात कपडे घासायचा ब्रश.

"टाच वर कर. घाण दिसता कामा नये."

घाण नव्हती ती. आईबरोबर वीटभट्टीवर माती तुडवून पडलेल्या भेगा होत्या.

पवित्र गुरुवार होता. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी फादर आमच्या पेणच्या शाळेत बारा मुलांचे पाय धुवायचे. मला त्यांनीच निवडलं होतं. फादर शाळेचे चॅप्लेन. विषय शिकवायचे नाहीत. कुणाचा बाप मारतो, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे ऐकून घ्यायला नेमलेले. माझा बाप गेला तेव्हा शाळेतून आमच्या कातकरवाडीवर तेच एकटे आले. जमिनीवर बसले. माझी फी त्यांच्याच शब्दावर माफ होती.

हॉल पालकांनी भरलेला. पुढे कंपनीतले साहेब, त्यांच्या बायका. फादरांनी गुडघे टेकले. एकेकाचे पाय धुतले, एकाच टॉवेलने पुसले. माझ्यापाशी आले आणि तो टॉवेल खांद्यावर टाकून त्यांनी मागे हात केला. सिस्टरने दुसरा दिला. घडी घालून आधीच ठेवलेला.

"फादर, मला वेगळा का?"

ते खाली बघूनच पुटपुटले, "बाळा, पालक बघतायत."

मी पाय ओढून घेतला. ओल्या पायांनी सगळ्यांसमोरून बाहेर गेले.

घरी आई म्हणाली, "गप ऱ्हायचं व्हतं गो. शाळेतून काढलं तं? भट्टीवर येशील माझ्यासंगं?"

काढलं नाही. फी माफच राहिली. फादर रागावलेही नाहीत. पण त्यांच्या खोलीत मन मोकळं करायला मी पुन्हा गेले नाही. आणि शाळेत तशी दुसरी खोली नव्हती.

घरातली पहिली पदवीधर मी. त्या शाळेमुळेच, हे कुठेही सांगते. आता रोह्यात नोकरी करते. यंदा नव्या चॅप्लेनचा फोन आला.

"माजी विद्यार्थिनी म्हणून बाराजणांत बसा, मॅडम. मुलांना प्रेरणा मिळेल."

"वाडीवरची किती मुलं बसणार?"

"यंदा... पालकांचं जरा... समजून घ्या."

तेव्हा वेगळा का होईना, टॉवेल होता. आता खुर्चीच नाही.

"मग मी येत नाही, फादर."

"शाळेने तुम्हाला घडवलं, मॅडम."

"घडवलं. म्हणून तर नाही म्हणता येतं."

याने तिथे काही बदलणार नाही. माझ्या जागी दुसरं कुणी बसेल, टाळ्या वाजतील. पुढल्या वर्षी विचारलं तरी नाही. वाडीला बाहेर ठेवून फोटोत वाडी दाखवायला माझे पाय मिळणार नाहीत.