‘बरं आहे’ लिहायचं नाही

वहिनीचे रिपोर्ट घ्यायला मी कॅन्सरच्या दवाखान्यात बसले होते. शेजारी साठीच्या एक बाई मांडीवर वही ठेवून लिहीत होत्या. मी डोकावतेय हे पाहून त्यांनी वही झाकली नाही, उलट माझ्याकडे सरकवली. ‘काल दुपारी दोनदा उलटी. बोटांना मुंग्या. सुईत दोरा ओवता आला नाही.’

त्यांचा कॅन्सर इतका दुर्मीळ, की त्यावर ठरलेलं असं औषधच नाही. एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, तिच्यात त्यांनी नाव दिलंय. गुण येईलच असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. रोज काय होतं ते मात्र खरंखरं लिहायचं.

“पहिला आठवडाभर मी नुसतं ‘बरं आहे’ लिहिलं,” त्या म्हणाल्या. “सिस्टर रागावल्या. मग मलाही पटलं. उद्या हेच दुखणं घेऊन कुणी आली, तर तिला माझ्या ‘बरं आहे’चा काय उपयोग?”

अंगात ताप असला तरी आम्ही बायका पाहुण्यांना ‘बरं आहे’ म्हणतो आणि वर चहा टाकतो. जन्माची ती सवय या बाई कधीही न भेटणाऱ्या कुणासाठी तरी मोडत होत्या, रोज एक पान.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलीचा होता.

“बरी आहे गं मी. तू डबा नेलास ना?”

बोलता बोलता त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं, ‘सव्वाअकरा. पुन्हा मळमळतंय.’