अस्तराची पिशवी

शिंपीणबाईंना सगळे मावशी म्हणत. कोर्टाने दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला दिलेल्या मुलांची विचारपूस करायची आणि त्यांच्या वतीने न्यायाधीशांशी बोलायचं, हे बिनपगारी काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं.

नऊ वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे सोपवली होती. तिचं हे तिसरं घर. घर बदललं की तिचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबले जात. मावशींच्या ते जिवाला लागलं. मुलीने याच घरी राहायचं की नाही, हे ठरवणाऱ्या सुनावणीच्या दिवशी त्यांनी जाड कापडाची, आतून अस्तर लावलेली पिशवी शिवून आणली.

कोर्टाबाहेरच्या बाकावर ती पिशवी पाहताच मुलगी पांढरीफटक पडली.

"म्हणजे ठरलंच का, मावशी? परत दुसऱ्या घरी जायचं?"

"अगं नाही गं बाई! वेडी की काय!" मावशी म्हणाल्या.

आत त्या पोटतिडकीने बोलल्या. "बाईसाहेब, पोर आत्ता कुठे रुळलीय तिथे."

सांभाळणारी बाई मान खाली घालून म्हणाली, "माझ्याच्यानं आता होत नाही."

न्यायाधीशबाईंनी सुस्कारा टाकून दुसरं घर नेमून दिलं.

संध्याकाळी मुलीने कपडे काळ्या पिशवीतच भरले आणि कापडी पिशवी मावशींपुढे धरली.

"ही तुमच्याकडे ठेवा. कायमचं घर मिळालं की द्या."

"देईन हं" हे शब्द मावशींच्या ओठांवर आले होते. पण जे आपल्या हाती नाही त्याचा शब्द मुलांना द्यायचा नसतो. त्यांनी पिशवी घेतली.

"रविवारी येते नव्या घरी," एवढंच म्हणाल्या.