शटरमधलं तेल

हिंगोलीत मी एक्स-रे काढते. आमच्या दवाखान्यात सगळं कॉम्प्युटरवर आलं, तेव्हा जुनी डार्करूम आणि उरलेले फिल्मचे डबे बिनकामाचे झाले. टाकून द्यायला माझं मन होईना. त्याच सुमारास आखाडा बाळापूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतला मोठा लाकडी कॅमेरा मला मिळाला. आठ बाय दहा इंचांची एक्स-रे फिल्म त्यात अगदी चपखल बसली. घरच्यांनी मला वेड्यात काढलं, मी तिकडे लक्ष दिलं नाही.

लेन्स जुनी, पितळी आणि ठणठणीत होती. तिच्या भिंगांच्या मध्ये बसवलेलं शटर मात्र अडकलं होतं. आत घड्याळासारखी दातेरी चाकं दिसली, म्हणून मी ते बाजारातल्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं. त्यांच्याकडे अलीकडे सेल बदलणं आणि पट्टे लावणं एवढंच काम उरलं होतं. दुकान बंद करून पुण्याला या, म्हणून मुलगा मागे लागला होता. कामं आहेत, असं सांगून काका त्याला टोलवत होते. शटर हातात आल्यावर त्यांनी समोरचा चहासुद्धा घेतला नाही.

आठ दिवसांनी त्यांनी मला ते चालवून दाखवलं. “ऐका मॅडम. हा एक सेकंद. अन् हा आर्धा.” शेजारच्या दुकानदारालाही बोलावून ऐकवलं. “पोराला फोन करून सांगितलं, इतकं जुनं मशीन चालू केलं म्हणून.”

मग एप्रिल आला. शटर उघडतं-मिटतं ते आतल्या पातळ पात्यांमुळे, आणि ती पाती कोरडीच असावी लागतात. काकांनी घड्याळाच्या सवयीने चाकांना तेल घातलं होतं. उन्हाने ते पातळ होऊन पात्यांवर उतरलं. पाती एकदा उघडली की मिटेचनात, उजेड आत जातच राहायचा. माझ्या चार फिल्म काळ्याठिक्कर निघाल्या आणि मी तणतणत बाजारात गेले.

काका एका माणसाला माझ्या शटरचीच गोष्ट सांगत होते. मला बघून म्हणाले, “या, या! चालून राहिलं ना बराबर?”

माझ्या तोंडाचा दवाखान्यात सगळ्यांना धाक आहे. तिथे तेच तोंड बंद पडलं. “एकदम छान, काका,” मी म्हणाले.

“मग त्याच्यावर माझा एक फोटो काढा. पोराला धाडतो.”

आता आली का पंचाईत! पण मी तोड काढली. पाती उघडी तर होतीच. लेन्सचं झाकण काढायचं, मनात दोन सेकंद मोजायचे, झाकण परत लावायचं. जुन्या काळी शटर नव्हतं, तेव्हा सगळे असेच फोटो काढत. तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी कॅमेरा दुकानासमोर उभा केला, काकांना हलू नका म्हणाले आणि झाकण काढून लावलं.

“झालं.”

“न्हाई झालं. आवाज कुठं हाय?”

“रस्त्यावर गलका आहे ना, काका.”

“जलमभर आवाज ऐकून घड्याळं लावली म्या. आना ते इकडं.”

त्यांनी डोळ्याला भिंग लावून शटर खोललं. पाती तेलाने चमकत होती.

“तेल माझ्याकूनच जास्त झालं. काहून सांगितलं न्हाई?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“वाटलंच असतं. पन दुरुस्त बी केलं असतं.” मान वर न करता ते पुढे म्हणाले, “पोरगं मला जपून बोलतं, ते ठीक हाय. तुमी गिऱ्हाईक. गिऱ्हाईक वरडतं. तुमी वरडल्या न्हाईत, म्हंजी तुमी बी मला रिटायर करून टाकलं.”

मला लाज वाटली. मी स्वतःला भली समजत होते. खरं तर मुलाने ठरवलं होतं तेच मीही मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

काकांनी एकेक पातं पेट्रोलने धुऊन वाळवलं. परत फोटो काढायला बसलो, तर शटरचा आवाज सुरू होताच त्यांनी खुशीने मान डोलावली आणि तो फोटो हलला. मग दुसरा काढला.

पावसाळ्यात शटरचा एक सेकंद लांबायला लागला. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी तडक दुकान गाठलं. काका फोनवर बोलत होते. मी शटर काउंटरवर ठेवलं आणि आवाज चढवला, “काका, हे काय काम झालं? एका सेकंदाला दोन-दोन सेकंद लागतात! माझे फोटो कोण भरून देणार?”

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. काकांनी एका हाताने शटर आपल्याकडे ओढलं.

“ठेव बाबा फोन,” ते मुलाला म्हणाले, “गिऱ्हाईक वरडून राहिलं.”