इंदूवन्संचा खटका

नंदूचा फोन आला तेव्हा मी कुडाळला लेकीकडे तांदूळ निवडत बसले होते. "काकी, आत्या गेली," एवढंच म्हणाला. ब्याण्णव वर्षांच्या माझ्या नणंदबाई, इंदूवन्सं, अंथरूण न धरता गेल्या. रडू आलंच. पण दुसऱ्या दिवशी आचऱ्याच्या तिठ्यावर उतरले आणि डोळे कोरडे झाले, कारण समोर गावातल्या मंडळींनी लावलेला फलक होता : 'सोशिक, मनमिळाऊ, सर्वांच्या शब्दाला मान देणाऱ्या बाई.' मी भर उन्हात उभी राहून तो दोनदा वाचला. कोणाच्या शब्दाला मान? ही बाई सोशिक असती तर चुलीपुढं बसूनच म्हातारी झाली असती. गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं हे मलाही कळतं, पण म्हणून दुसऱ्याच बाईचं वर्णन करायचं? तीन आठवडे झाले, राग अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी लग्न होऊन आचऱ्यात आले ती साठ सालाच्या थोडी आधी. नवरा मुंबईला गिरणीत, घरात मामंजी आणि वन्सं. वन्संना नवऱ्यानं टाकलेलं. त्यानं मुंबईत दुसरं बिऱ्हाड मांडलं होतं. अशा बाईनं मान खाली घालून राबायचं हे गावात ठरलेलंच. वन्सं सातवीची फायनल परीक्षा पास झाल्या आणि सड्यापलीकडच्या, म्हणजे कातळाच्या पठारापलीकडच्या, एका वाडीत शाळामास्तरीण म्हणून लागल्या. अडीच कोस वाट, सकाळची शाळा, आणि पहिली एसटी दहाला. तिथं खोली घेऊन राहायला मामंजींची मनाई. मग वन्संनी पडवीतली सायकल बाहेर काढली. बोटीवर असलेल्या थोरल्या भावानं, म्हणजे नंदूच्या वडिलांनी, कुठल्याशा परदेशी बंदरातून आणलेली ती पुरुषी सायकल होती. मधे दांडा, मागच्या चाकाला पाच दातेरी चक्रं आणि दांड्यावर गियर बदलायचा खटका. बाकीच्या शिक्षिका पाचवारी नेसायला लागल्या होत्या, पण वन्संनी मुद्दाम नऊवारी ठेवली. काष्टा घातला की दांड्याची अडचण होत नाही. लोक काय म्हणतील, असं मामंजींनी विचारलं तर म्हणाल्या, "म्हणूंदेत. सायकलीर बसल्यार माका ऐकाक येणा नाय."

माझा त्या सायकलीवर भारी जीव. चालवायची छाती नव्हती, पण रोज संध्याकाळी मी ती पुसायची आणि तिला तेल घालायची. आता आमच्या घरात तेल म्हणजे खोबरेल. केसांना तेच, भाजलेल्या हाताला तेच, कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेच... सायकलीला दुसरं कुठलं असणार? मार्गशीर्षात थंडी पडली आणि सकाळी गियर अडकायला लागला. सड्याच्या चढणीवर खटका ओढला की चेन धड या चक्रावर नाही, धड त्या चक्रावर नाही. वन्सं उतरून सायकल ढकलत शाळेत पोचायच्या तोवर प्रार्थना होऊन गेलेली असायची. आणि दुपारी घरी येऊन बघावं तर गियर अगदी सुरळीत. मामंजी म्हणाले, बिघाड सायकलीत नाही, बाईत आहे. तिसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा तालुक्याहून शाळा तपासणारे साहेब आले. "बाई, सोमवारी मी परत येईन. घंटेला दारात दिसला नाहीत तर ही जागा रिकामी समजेन," असं सर्वांदेखत सांगून गेले. नोकरी गेली की वन्सं त्या घरात कायमच्या अडकणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मामंजींना तेच हवं होतं.

शुक्रवार-शनिवार वाडीतल्या जत्रेमुळे शाळा बंद होती. शुक्रवारी सकाळी मी थिजलेल्या खोबरेलाची बाटली उन्हात ठेवायला गेले आणि तिथंच मला उमगलं. सकाळी थिजतं, दुपारी वितळतं... मी रडत रडत वन्संना सांगितलं. त्यांनी काडीनं चक्रांमधून खरवडून बघितलं, तर मेणासारखा लगदा, त्यात वाटेवरची वाळू. दाते झिजलेले, आतली स्प्रिंग गंजलेली. जोरात ओढल्यावर खटक्याची तारही तुटून हातात आली. तेवढ्यात मामंजी बाहेर आले आणि हे कोणी केलं म्हणून ओरडले. मी नवी सून. विलायती वस्तू नासवली म्हणून मला माहेरी धाडायला त्यांना वेळ लागला नसता. वन्संनी वर बघितलंसुद्धा नाही.

"तेल मीच घातलंय," त्या म्हणाल्या. "आता मीच निस्तरतलंय."

शनिवारी त्या मागचं चाक मांडीवर आणि उतरवलेला गियर पिशवीत घेऊन एसटीनं मालवणला गेल्या. बाजारातल्या इस्माईलचाचांनी सांगितलं की मुंबईहून भाग मागवावे लागतील, शिमग्यापर्यंत वाट बघा. मग गियरच नको, साधी करा, वन्सं म्हणाल्या. चाचांनी कपाळाला हात लावला. पण हातात पैसा नाही आणि सोमवार परवावर आलेला. शेवटी अदलाबदल ठरली. पाची चक्रं आणि गियरचा सांगाडा चाचांना, त्याबदली मोडक्या सायकलींचं एक साधं, एकाच चक्राचं फ्रीव्हील आणि जुनी चेन. चाचांकडे फ्रीव्हील दोन होती. मोठं घ्या, बाईमाणसाला चढण हलकी जाईल, असं त्यांचं म्हणणं. वन्संनी लहान घेतलं. चढण पाव कोसाची, सपाट सडा दीड कोसाचा. चढणीला उतरून धावेन, वेळ सड्यावर भरून काढीन, हा त्यांचा हिशेब. चाचांनी खटकाही मागितला. गियरच नाही तर त्याचं काय करणार, बाय? वन्संनी दिला नाही. अंगठ्याला त्याची सवय झाली आहे, म्हणाल्या.

रविवारी अंगणात आम्ही दोघी. खिळा आणि हातोडी घेऊन जास्तीच्या कड्या काढल्या, चेन चढवली, वन्सं बसल्या... आणि दहा पावलांवर चेन पडली. पुन्हा चढवली, पुन्हा पडली. मामंजी ओटीवर बसून सगळं बघत होते. मग वन्संना होडीचे सुतार आठवले. ते फळी सरळ आहे का बघायला सूत धरतात. एक टोक मी पुढच्या चक्राला धरलं, दुसरं त्यांनी मागच्याला, आणि सूत सरळ राहीना. मागचं चक्र चांगलं करंगळीभर आत होतं. चाकाच्या आसावरच्या उजवीकडच्या चकत्या काढून डावीकडे घातल्या तेव्हा कुठं ते रेषेत आलं. मग चाक एका अंगाला घासायला लागलं, त्याच्या तारा आवळता आवळता संध्याकाळ झाली. शेवटी तेल. होड्यांना लावतात ते मुशी माशाचं तेल मी शेजारून मागून आणलं. वास असा की मांजर सायकलीमागं फिरायला लागलं. पण ते थिजत नाही.

सोमवारी उजाडताना त्या निघाल्या. मामंजी म्हणाले, आठाला ढकलत परत येईल. आठ झाले, नऊ झाले. मी दर थोड्या वेळानं पाणी आणायच्या निमित्तानं बेड्यापर्यंत, आवाराच्या फाटकापर्यंत, जाऊन वाटेकडे बघून येत होते. परत कोणी आलं नाही. दुपारी वन्सं आल्या त्या कोपरापर्यंत काळ्या, गुडघा फुटलेला. सकाळी त्या पोचल्या तेव्हा शाळेचा शिपाईसुद्धा आला नव्हता, घंटा त्यांनी स्वतःच्या हातानं दिली. साहेबांचा पत्ता नव्हता. ते आले तेव्हा मुलं पाढे म्हणत होती. वन्सं दारात उभ्या राहिल्या आणि कचेरीतल्या शुद्ध मराठीत त्यांना म्हणाल्या, "साहेब, घंटा होऊन गेली."

पुढं कितीतरी वर्षं त्या त्याच सायकलीनं गेल्या. वर्षभरात चढणही न उतरता काढायला लागल्या. चढणीला आल्या की अंगठा खटक्यावर जायचा, कट् आवाज यायचा. जोडलेलं काही नव्हतंच. मला म्हणायच्या, "तू पण शीक गो शालू, मी मागसून धरतंय." मी दर वेळी मामंजींचं नाव पुढं करायची. मामंजी वारले, तरी शिकले नाही. सोशिक मी होते. तो फलक चुकून वन्संच्या नावावर लागला. आणि आज मामंजी नाहीत, वन्सं नाहीत, तरी सगळ्यांच्या देखत सांगते, तेल मी घातलं होतं.

तेराव्याला मी नंदूला तिठ्यावर घेऊन गेले आणि 'सोशिक' खोडायला लावलं. "मग काय लिवया?" त्यानं विचारलं. म्हटलं, लिही, घंटेच्या आधी पोचायच्या. तो लाजला, पण कागद चिकटवून लिहिलंन. घरी आल्यावर सायकल पडवीतून काढून ओटीवर उभी करायला लावली, मामंजी बसायचे तिथं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिला वळसा घालावा लागतो, घालू देत. मी जाता-येता खटका दाबते. अजून वाजतो.