कबड्डीतला ‘ब’

बाबांचं ते चित्र कित्येक वर्षं आमच्या कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभं होतं. दिवाळे या आमच्या गावातल्या होड्यांवर नावं रंगवणाऱ्या एका माणसानं ते काढलं होतं. तो बाबांचा लहानपणापासूनचा जिवलग. गावातल्या कबड्डीच्या सामन्यात बाबा शेवटच्या चढाईला गेले, मधली रेघ वीतभर उरली, आणि ‘दम सुटला’ म्हणत पंचांनी त्यांना बाद दिलं. बाबा म्हणत राहिले, सुटला नव्हता. मित्रानं नेमका तोच क्षण रंगवून आणला. चित्रातल्या बाबांचं तोंड मिटलेलं होतं. हासुद्धा उलटला, असं बाबांनी धरलं आणि बोलणं बंद केलं ते कायमचं. गेल्या वर्षी तो मित्र वारला, तेव्हाही बाबा अंत्यदर्शनाला गेले नाहीत.

आता राहतो त्या खांदेश्वरच्या घराला रंग द्यायचा म्हणून कपाट हलवलं आणि मी चित्र दुपारच्या उन्हात ठेवलं. मी शाळेत चित्रकला शिकवते, खोड जाणार कुठे! जमिनीवर बसून बघतच राहिले. उडालेली माती हवेत थबकलेली. मागे खाडी, पांढरट, पेंगुळलेली. पकडणाऱ्याची बोटं बाबांच्या घोट्यात रुतलेली आणि तिथली कातडी फिकी पडलेली. बघता बघता मला पंख्याचा आवाजही येईनासा झाला. इतकं बारीक बघणारा माणूस ओठांपाशीच कसा चुकेल?

ओठ मिटले होते, पण सैल नव्हते. घट्ट दाबलेले, गाल किंचित फुगलेले. मी नकळत पुटपुटले, ‘कब...’ आणि माझेच ओठ मिटले.

“बाबा, जरा कबड्डी कबड्डी म्हणा.”

“याड लागलं काय तुला?”

“म्हणा तर. सावकाश.”

बाबा वैतागून म्हणू लागले. तिसऱ्या खेपेला ‘ब’वर अडकले. बोट ओठांवर गेलं. मग चष्मा लावून ते चित्रापाशी वाकले.

“दम हाय याचा,” ते हळूच म्हणाले. “चालू हाय.”

ऊन लादीवरून सरकत भिंतीपर्यंत गेलं, तरी ते तसेच.

“मंग मेल्यानं मला सांगितलं का नाय?”

मी गप्प बसायला हवं होतं. माझा स्वभाव तसा नाही.

“दोनदा आले होते सांगायला. तुम्ही दार उघडलं नाहीत. मी घरातच होते.”

बाबा उठून दाराशी गेले, चपला शोधू लागले.

“त्याची बायको,” पाठमोऱ्यानंच त्यांनी विचारलं, “अजून गावातच ऱ्हाते ना?”