पाण्याच्या दिवशी गौताळा

कालिंदीबाईंचं माहेर करमाडचं आणि सासर शहरातल्या औरंगपुऱ्यातलं. त्यामुळे आयुष्यभराचा प्रवास म्हणजे जालना रोडनं जायचं आणि त्याच रस्त्यानं यायचं. उत्तरेला त्या फक्त वेरूळपर्यंत गेल्या होत्या, तेही पाहुण्यांना घृष्णेश्वर दाखवायला. पुढं कन्नड लागतं, मग जंगल, मग मोठा घाट उतरला की खानदेश, हे नुसतं ऐकलेलं. तो घाट त्यांना एकदा बघायचा होता.

आडवं यायचं ते पाणी. शहर चहूबाजूंनी वाढत गेलं आणि दुष्काळात नळ चार-पाच दिवसांनी येऊ लागला. ठरल्या दिवशी नाही आला, तर गल्लीतल्या बायका नळ उघडा ठेवून, नळी पिंपात सोडून निजायच्या. पाण्याआधी हवा येते, नळ खाकरतो, तेवढ्यानं जाग येते. या खाकरण्यापायी कालिंदीबाईंनी भाच्याचं लग्न सोडलं होतं. यजमान व्यंकटराव कचेरीतून निवृत्त झालेले. पाणी भरणं त्यांच्या लेखी बायकांचं काम. एखादं पिंप रिकामं राहिलं तर त्यावर आठवडाभर बोलणं मात्र त्यांचं.

मार्चमध्ये लेकीनं, स्वरालीनं, जुनी गाडी घेतली आणि म्हणाली, "आई, रविवारी तुझा घाट." नेमकं शनिवारी पाणी आलं नाही. म्हणजे रविवारी केव्हाही येणार.

सकाळी कुलूप हातात घेऊन व्यंकटराव दारातच थांबले. "नळाचं काय?"

"आज माझ्यासमोर नळाचं नाव काढू नका," कालिंदीबाई म्हणाल्या आणि दशम्यांचा डबा घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

खुलताबादपर्यंत डोंगराच्या पायथ्याला प्लॉटिंगचे झेंडे दिसत होते. वेरूळ मागं पडलं तशा कालिंदीबाई ताठ बसल्या. इथून पुढचं सगळं नवं. कन्नडच्या बाजारात त्यांनी उगाच गाडी थांबवून काकड्या घेतल्या. "घरी काय मिळत नाहीत काकड्या?" व्यंकटराव म्हणाले. "कन्नडच्या नाही मिळत," त्या म्हणाल्या.

गौताळ्याचं रान पार वाळलेलं. सागाला पान नव्हतं, मधूनच पळस फुललेला. वळणावर सिमेंटचा पाणवठा होता, तळाशी नुसता चिखल. त्याच्या काठाला एक रोही, म्हणजे नीलगाय, उभी होती. गाडी पाहूनही हलली नाही.

"पळत कशी नाही ही?" स्वरालीनं तिथल्या वनमजुराला, कडुबाला, विचारलं.

"टँकरची वाट बघायली ताई. काल आला नाय. आज येईन म्हणं दुपारून. तिला बरूबर समजतं."

कालिंदीबाईंच्या हातातली काकडी तशीच राहिली. नळ! रात्री उघडलेला नळ सकाळी बंद केलाच नव्हता. नळी स्वयंपाकघरातल्या पिंपात. पिंप भरलं की पाणी जमिनीवर, तिथून माजघरात, आणि माजघरात वर्षाचा नवा गहू, पोत्यांतच, फरशीवर. घराला कुलूप. किल्ली व्यंकटरावांच्या खिशात.

सांगायचं कसं? सांगितलं तर गाडी इथूनच माघारी. आणि पुढं जन्मभर, कुठं जायचं नाव काढलं की, 'मागं गेली होतीस तेव्हा काय झालं?' म्हणजे आजचा घाट गेला, तो कायमचाच गेला.

त्यांनी शेजारच्या आशाबाईंना फोन लावून पाहिला. रेंज नव्हती.

"घाटाच्या तोंडाला येईल," स्वराली म्हणाली. "कुणाला करायचाय?"

"असंच."

घाटाच्या माथ्यावर सगळे उतरले. खाली खानदेश पसरला होता, रस्ता वळसे घेत त्यात उतरत होता. हे बघायलाच तर त्या आल्या होत्या, पण पाठ करून त्या फोन लावत उभ्या राहिल्या.

"आशाबाई, पाणी आलं का हो?"

"कुठलं पाणी वहिनी! तिकडं मोठा पाइप फुटला म्हणं. आता परवाच्याला. लई बोंब चाललीय गल्लीत. माझ्या घरात प्यायला तांब्याभर नाय."

"नाही आलं? खरंच नाही आलं?"

"व्हय, आन तुम्ही काय हसायल्या?"

कालिंदीबाई कठड्याजवळच्या दगडावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग दोघांना सगळं सांगितलं. व्यंकटरावांनी तोंड उघडलं, तशा त्या म्हणाल्या, "बोला. पण घाट उतरून झाल्यावर."

व्यंकटरावांनी खिशातली किल्ली काढून बायकोच्या हातात ठेवली. "परवा येणार म्हणतेस ना? मग आज काय घाई आहे? पार चाळीसगावपर्यंत जाऊन येऊ."

"आणि परवा तुम्ही बसायचं पिंपाजवळ."

"बघू."

"बघू नाही."

"बरं, बसतो," ते म्हणाले.

कालिंदीबाईंनी प्रत्येक वळणावर काच खाली घेतली. चाळीसगावला चहा झाला, तिथंच दशम्याही संपल्या. परतताना ऊन उतरलं होतं. पाणवठ्याजवळ टँकर वळत होता, मागं चाकांची ओली खूण. सिमेंटचा पाणवठा काठोकाठ भरलेला आणि रोही मान खाली घालून पीत होती.

"हळू घे गं," कालिंदीबाई लेकीला म्हणाल्या. "पिऊ दे तिला. तिचं आलं बाई पाणी."