आधी वैऱ्याला विचारणारा नवाबभाई

चंद्रपूरला जटपुरा गेटाकडे घड्याळदुरुस्तीचं एक चिमुकलं दुकान होतं आणि त्यात डोळ्याला भिंग लावून नवाबभाई बसे. घड्याळं हा त्याचा धंदा आणि माणसं हा नाद. तिथल्या एका साप्ताहिकात तो महिन्याला एक मुलाखत लिही, चांगली पानभर. त्याबद्दल संपादक त्याला अंकाच्या दहा प्रती देई आणि त्याची बायको खैरुनभाभी त्यात मच्छी गुंडाळून शेजारी वाटत. मुलाखत सगळ्या गल्लीत पोचे ती अशी.

महिन्यातले पंचवीस दिवस त्याची नुसती तयारी चाले. ज्याची मुलाखत, त्याचा न्हावी, त्याचा मास्तर, त्याच्याशी भांडलेला भाऊ, सगळ्यांकडं आधी चहा पिऊन येई. एका पुढाऱ्यानं निरोप धाडला, "प्रश्न आधी पाठवा." नवाबभाईनं उत्तरंच लिहून पाठवली. खाली एक ओळ: 'हेच बोलणार असाल तर मी येत नाही.' पुढारी दोन महिने फुगून बसला. मग बंद नसलेलं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आपण होऊन दुकानात आला अन् तीन तास बोलला.

अशा माणसाला मी २००९ च्या मार्चात भामरागडकडं नेला. तेंदूपत्ता खरेदीच्या फडीवर मुनशीगिरी करून मला माडिया बोली येत होती आणि तिकडल्या एका गावचा इसरू माझा जुना दोस्त. वनहक्काच्या कायद्यानं त्याची कसत आलेली जमीन नावावर होणार होती. जुना कागद नसेल तर गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्याचं बयान चालत होतं. पण इसरूच्या उमरीचा गावात एकच उरला होता, सुकलू. आणि त्या दोघांचं एका मोहाच्या झाडावरून बोलणं बंद, तेही तरुणपणापासून. बयान घ्यायला आलेल्यांनी सुकलूला विचारलं, "इसरू हे शेत कधीपासून कसतो?" तो म्हणाला, "त्यालेच इचारा." दोनदा आले, दोनदा हेच. आता शुक्रवारच्या ग्रामसभेत दावा कोराच जाणार होता.

आम्ही सोमवारी पोचलो. मी म्हटलं, "चल, सुकलूकडं." नवाबभाई म्हणाला, "भाऊ, तुमाले घाई हाये, मले नाई." आणि तीन दिवस हा बाबा इसरूच्या सुनेबरोबर, गुणाबाईबरोबर, मोहफुलं वेचत फिरला. तिनं शेवटी मला विचारलं, "हा खरंच घड्याळवाला हाये का? याले येळेचं काईच नाई."

गुरुवारी सकाळी तो सुकलूच्या अंगणात बसला, मी दुभाषा. पहिला प्रश्न: "बाबा, त्या झाडापायी पंचांनी तुमच्यावर अन्याय केला म्हणतात. कसा केला?"

धरणाचं दार उघडावं तसा म्हातारा सुटला. झाड इसरूच्या बापाच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर होतं. बाप तिथं कोसरी पेरी, त्याचा एक बैल शिंगमोडका होता. पण त्या झाडाखाली झाडझूड सुकलूची आई करी, मग फुलं कोणाची? पंच म्हणाले, शेत ज्याचं झाड त्याचं, आणि वर सुकलूलाच कोंबड्याचा दंड.

"तवा तुमच्या घरी रांगत कोण होतं?" नवाबभाईनं विचारलं.

"हा, इतवारी." म्हाताऱ्यानं दाराकडं बोट केलं. दारात त्याचा पांढऱ्या मिशांचा मुलगा इतवारी नातू कडेवर घेऊन उभा होता; शेत किती जुनं ते तिथंच ठरलं.

दुपारपर्यंत अकरा पानं झाली. मी हळूच म्हटलं, "आता अंगठा घे अन् चल. वाचून दाखवू नको, बिथरेल."

"ज्याचं बोलणं त्याले आयकवल्याबिगर मी कागद उचलत नाई," नवाबभाई म्हणाला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला. मी आपला कपाळाला हात लावून माडियात सांगत गेलो.

सुकलू ऐकत होता. चौथ्या पानाला त्याचा चेहरा उतरला. "हे तर इसरूच्या कामाचं झालं. मी अंगठा नाई देत."

नवाबभाईनं कागद त्याच्याच मांडीवर ठेवले. "नका देऊ. फक्त खोटं कुठी लिहिलं ते सांगा."

म्हाताऱ्यानं कागद उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाला, "कोंबडा लाल नव्हता. काळा होता." नवाबभाईनं खोडून काळा केला. "अन् शेत त्याच्या बापाचं, पण झाड माझं, पंच चुकले, हे लिहा." तेही लिहिलं. तेव्हा अंगठा उठला.

शुक्रवारी ग्रामसभेत पूर्ण अकरा पानं वाचली. सचिव इसरूला म्हणाला, "यात झाड सुकलूचं लिहिलं हाये. हा कागद दाव्याले जोडू का?"

गुणाबाई सासऱ्याकडं बघत राहिली. कागद जोडला तर झाड सोडलं असं होईल, हे इसरूला कळत होतं. मग तो उठला, सचिवाला "जोडा" म्हणाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुकलूकडं तोंड करून उभा राहिला.

"कोंबडा लालच होता," तो म्हणाला. "मी खाल्ला हाये."

"तू पिऊन होता," सुकलू म्हणाला. "तुले काय दिसते?"

दावा मंजूर म्हणून हात वर झाले, ते मोजायलाही सचिवाला दोघांना आधी गप्प करावं लागलं.